निचरा एकट्याच्या शेतात होत नाही

प्रति,
बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले सर्व सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामसभेत हात वर करण्याचा हक्क असलेला प्रत्येक गावकरी



नीरा डाव्या कालव्याच्या एका चारीवर आमची वस्ती आहे. चार एकर रान, त्यात ऊस आणि जनावरांपुरता मका, दारात तीन गाई. सकाळच्या धारा काढून मी एका पतसंस्थेत कामाला जाते आणि दिवसभर संगणकासमोर बसते. बावीस वर्षं हेच चाललं आहे. घरात सासूबाई, मामंजी, मुलांचे वडील आणि दोन मुलं. तुमच्यातल्या बहुतेकांचं घर असंच असेल, म्हणून हे पत्र लिहायचं धाडस करते आहे.

मागणी आधीच सांगते. येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडा. रोज दिवेलागणीनंतर दीड तास गावातल्या प्रत्येक घरातला टीव्ही आणि मोबाईल बंद राहील, लहानांचाही आणि मोठ्यांचाही. ही मागणी माझ्या मनात कशी आली, ते पुढे लिहिते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीवरची विजेची डीपी जळाली. नवी यायला तीन दिवस लागले. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी उरलंसुरलं चार्जिंग पुरवून पुरवून वापरलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकूण एक मोबाईल बंद पडला. संध्याकाळी मुलं आधी चिडचिड करत बसली, मग ओसरीवर मामंजींच्या शेजारी जाऊन टेकली. मामंजी १९७२ च्या दुष्काळाचं सांगत होते. तेव्हा ते ऐन विशीत रोजगार हमीसारख्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि तिथे खायला सुकडी मिळे. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने विचारलं, "सुकडी म्हणजे काय?" अकरा वर्षं आजोबांबरोबर एका छताखाली राहिलेल्या मुलाला हा शब्दच माहीत नव्हता. थोड्या वेळाने शेजारची तीन घरं अंगणात आली. पोरं अंधारात लपाछपी खेळली. बायका कितीतरी महिन्यांनी निवांत बोलल्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी, मामंजी विहीर खणल्याची गोष्ट सांगत असताना, लाईट आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पंधरा मिनिटांत अंगण रिकामं झालं. विहिरीला पाणी लागलं की नाही, हे आमच्या मुलांना अजून ठाऊक नाही.

त्या रात्री मला एक गोष्ट कळली. त्या तीन दिवसांत आमच्या घरात मोबाईलवरून एकदाही भांडण झालं नव्हतं. एरवी रोज होतं. मुलं अचानक शहाणी झाली म्हणून नव्हे, तर कुणाचाच मोबाईल चालू नव्हता म्हणून. "त्याच्याकडे आहे, मग मला का नाही" हा प्रश्नच उरला नव्हता.

आता माझं स्वतःचं सांगते, कारण दुसऱ्याच्या पोराकडे बोट दाखवणं सोपं असतं. दिवसभर पतसंस्थेत संगणक बघून डोळे चुरचुरत असतात, तरी रात्री आडवं पडल्यावर मी मोबाईल हातात घ्यायची. एक रील बघू म्हणता म्हणता बारा वाजायचे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री गोठ्यात गाय व्यायला आली होती. सासूबाईंनी मला दोनदा हाक मारली. मी दोन्ही वेळा "आले" म्हटलं आणि बघत राहिले. अर्ध्या तासाने गोठ्यात गेले तेव्हा वासरू आडवं आल्याचं दिसलं. डॉक्टर येईपर्यंत ते गेलं होतं. लवकर गेले असते तर ते वाचलंच असतं, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण तो अर्धा तास माझा होता आणि मी तो कुठे घालवला हे मला माहीत आहे. सासूबाई त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. त्यामुळे ते जास्त लागलं.

आपल्या भागातल्या माणसाला अति म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. आपण ते पाण्यापासून शिकलो आहोत. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा खोदला गेला आणि १८८५ च्या सुमाराला पुरंदर, बारामती, इंदापूरच्या कोरड्या रानांत पाणी खेळू लागलं. पिढ्यान् पिढ्या पावसाकडे डोळे लावून बसलेल्या माणसांच्या दारात पाणी आलं. त्यांनी ते रानाला भरभरून दिलं. ऊस उभा राहिला. आणि पंचवीस वर्षांच्या आत खोऱ्यातल्या कित्येक जमिनींवर पांढरा खार फुटलेला दिसू लागला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्याच्या खारवट जमिनींवर एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली.

हे कसं होतं, ते चोपण रान कसणाऱ्या कुणालाही विचारा. पिकाला लागतं त्यापेक्षा जास्त पाणी दिलं की ते खाली साठत जातं. जमिनीतल्या पाण्याची पातळी वर चढते. येताना ते खालचे क्षार बरोबर आणतं. ऊन लागलं की पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतो. मुळांना श्वास मिळत नाही. वरून रान ओलं, हिरवं दिसत असतं, म्हणून आपण आणखी पाणी देतो. नुकसान डोळ्यांना दिसतं तेव्हा काही वर्षं हातची गेलेली असतात.

मोबाईल आपल्याकडे असाच आला, तहानेला आलेल्या पाण्यासारखा. २०१६ च्या सप्टेंबरनंतर इंटरनेट एवढं स्वस्त झालं की महिनाभर जपून वापरायचा डेटा लोक एका दिवसात संपवू लागले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि शाळाच मोबाईलमध्ये शिरली. ज्या घरात मुलांच्या हाती मोबाईल नव्हता, तिथे उसने पैसे काढून तो आणला गेला. यात कुणाचा गुन्हा नव्हता. गरज होती. पण शाळा पुन्हा भरल्या, आणि मोबाईल मुलांच्या हातातच राहिला.

मी मोबाईलच्या किंवा संगणकाच्या विरोधात नाही. माझं पोट संगणकावर चालतं. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या मदतीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे ऊसशेतीचे प्रयोग केले आहेत. रानात सेन्सर, वर उपग्रह, आणि कधी किती पाणी द्यायचं याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाईलवर. मला त्याचा अभिमान वाटतो. रात्री बिबट्याच्या भीतीत रानात न जाता ऑटो स्टार्टरने घरबसल्या मोटर चालू करता येते, याचं मोल आमच्यासारख्यांनाच कळतं. पण याच प्रयोगाने मला विचारात पाडलं. उसाला किती पाणी पुरे हे मोजायला आपण उपग्रहापर्यंत गेलो. पोराला किती मोबाईल पुरे, हे मोजायला आपण घरातल्या घड्याळाकडेही बघितलेलं नाही.

मोजमाप उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर उत्तम. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही असंच आहे: दोन वर्षांपर्यंत काहीच नको, पाच वर्षांपर्यंत मोठ्यांच्या नजरेखाली फार तर एक तास. आता आपल्या गावातलं चित्र आठवा. घास भरवताना बाळापुढे मोबाईल धरल्याशिवाय तोंड उघडत नाही, असं किती आया सांगतात? मी त्यांना दोष देत नाही. पहाटे उठून धारा, स्वयंपाक, खुरपणी करून आलेल्या बाईला दहा मिनिटांची उसंत मिळते ती त्या मोबाईलमुळेच. ती उसंत तिला दुसरीकडून कशी मिळेल, हा गावाचा प्रश्न आहे.

मोठ्यांचं काय? मोबाईलवर खेळताना स्वतःवरचा ताबा सुटणं, कामधंदा आणि झोप मागे पडणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, याला जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत घातलं आहे. ती यादी २०२२ च्या जानेवारीपासून लागू आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत अशा रुग्णांसाठी २०१४ पासून वेगळा उपचार विभाग चालतो. मोबाईलवरच्या रमीत उसाचं बिल घालवलेली माणसं आपल्या आसपास आहेत, आणि लाजेपोटी कुणी बोलत नाही. पैसे लावून खेळायच्या अशा खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने कायद्याने बंदी आणली. पण कायद्याने ॲप बंद होतं, हाताची सवय बंद होत नाही.

ती सवय आपसूक लागलेली नाही. पुस्तकाचं पान संपतं, तिथे माणूस थबकतो. पूर्वी संगणकावरही पान संपायचं आणि पुढचं उघडायला बोट हलवावं लागायचं. २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या अमेरिकी तंत्रज्ञाने पान संपूच नये अशी रचना केली. खाली सरकवत राहा, नवीन येतच राहतं. पुढे त्यानेच याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर त्या रानाला बांध नाही. बांध नसलेल्या रानात औत कुठे फिरवायचं? बैल पुढेच जात राहणार. बांध बाहेरून घालावा लागेल.

तो एकट्या घराने घालता येत नाही, हे मी करून पाहिलं आहे. डीपी आल्यानंतर मी घरात नियम केला, सातनंतर मोबाईल कपाटात. चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी धाकटा शेजारच्या घरी जाऊन बसू लागला. थोरलीच्या वर्गाच्या ग्रुपवर सगळ्या मुली बोलत होत्या आणि ही एकटी बाहेर. तिचं रडणं मला खोटं वाटलं नाही. माझा नियम तिला शिक्षा झाला होता.

तेव्हा पुन्हा रान आठवलं. पाणथळ जमिनीचा निचरा एकट्याच्या शेतात कधी होतो का? मी माझ्या रानात कितीही खोल चर काढला, तरी त्याचं पाणी शेजाऱ्याच्या बांधाशी अडतं. चर ओढ्यापर्यंत जायचा तर तो चार जणांच्या रानातून जावा लागतो आणि चौघांचं एकमत लागतं. वरच्याने पाण्याची पाळी मोडली तर खालच्याचं रान पाझरून खारावतं, त्याने स्वतः कितीही जपून पाणी दिलं तरी. म्हणून मी हे पत्र शाळेला लिहिलं नाही, आई-बापांना लिहिलं नाही. गावाला लिहिलं.

हे एका गावाने करून दाखवलं आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तीन हजारांच्या आसपास वस्तीचं. टाळेबंदीनंतर शाळा भरल्या तेव्हा मुलांचं लक्ष अभ्यासात लागत नाही, शाळा सुटली की ती मोबाईलला चिकटतात आणि घरची मोठी माणसं टीव्हीला, असं शिक्षकांच्या आणि गावाच्या ध्यानात आलं. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी विषय काढला, तर पुरुषांनी तो हसण्यावारी नेला. मग बायकांची सभा घेतली. बायकांनी मान्य केलं की आपणही मालिका फार बघतो, आणि काही वेळ सगळं बंद झालं तर बरंच होईल. १४ ऑगस्ट २०२२ ला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, ठरलं. भैरवनाथाच्या मंदिरावर भोंगा बसवला. संध्याकाळी सातला तो वाजतो आणि टीव्ही, मोबाईल बंद होतात. साडेआठला पुन्हा वाजतो. सुरुवातीला नुसत्या भोंग्याने भागलं नाही. आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले आणि लोकांना समजावलं. हळूहळू सवय पडली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बांशी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्या गावाची तळमळ मला कळते. तरी आपल्याकडे बंदी फक्त मुलांवर घालू नये, असं मला मनापासून वाटतं. बाप मोबाईल बघत पोराला म्हणतो "ठेव तो मोबाईल", तेव्हा पोर फक्त एवढंच शिकतं की मोठं झालं की बघता येतं. वडगावची पाळी सगळ्यांना सारखी आहे. पाण्याची पाळीही तशीच पाळावी लागते. हेडच्या माणसाने मोडली, तर टेलच्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगणार?

आता आपल्याकडे हे कसं करता येईल, तेही मांडते.

पहिली गोष्ट, बायकांपासून सुरुवात करा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. बहुतेक गावांत ती कागदावर होते. ही एक सभा खरोखर घ्या आणि विषय त्यांच्यापुढे ठेवा.

दुसरी, वेळ गावाने ठरवावी. पानमळ्यांच्या गावाची संध्याकाळ, भिगवणकडच्या मच्छीमारांची संध्याकाळ आणि दूधवाल्या गावाची संध्याकाळ एकसारखी नसते. डेअरीला दूध घालून माणसं घरी येतात ती वेळ धरा. दीड तास जड वाटला तर पाऊण तासाने सुरुवात करा. पण वेळ एकच असू द्या, आणि ती भोंग्याने कळू द्या. कारखान्याच्या भोंग्यावर दिवस मोजत आलेली गावं आहेत आपली.

तिसरी, सवलती आधीच लिहून ठेवा. आलेला फोन घ्यावा. मोटर चालू-बंद करावी. घरात आजारी माणूस असेल, दहावी-बारावीच्या मुलाला खरंच काही बघायचं असेल, तर बघावं. सवलत ठरावात लिहिलेली असली की पळवाट उरत नाही. आणि दंड नको. दंड लावला की माणसं दार लावून मोबाईल बघतील आणि गावात चहाड्या सुरू होतील.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. नुसतं पाणी तोडून रान सुधारत नाही. चर काढावा लागतो, ताग-धैंचा पेरून गाडावा लागतो, तेव्हा माती पुन्हा भुसभुशीत होते. मोकळा झालेला दीड तास कशाने भरणार, याचा विचार केला नाही तर ठराव महिन्याभरात मरेल. शाळेच्या व्हरांड्यात एक दिवा लावा, मुलं तिथे अभ्यासाला बसतील. गावात ग्रंथालय असेल तर ते नेमकं त्याच वेळी उघडं ठेवा. मैदानात उजेड असेल तर कबड्डी, खो-खो होऊ द्या. ज्या गावात हरिपाठ होतो तिथे तो आहेच. आपल्या दोन्ही तालुक्यांतून दरवर्षी तुकोबांची पालखी जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं आणि बेलवाडीला गोल रिंगण होतं. एकत्र बसणं, एकत्र गाणं, एकत्र वेळ पाळणं आपल्याला नवीन नाही. आठवड्यातून एक दिवस गावातल्या म्हाताऱ्या माणसाला पारावर बसवा आणि त्याचं ऐका.

पाचवी, ऊसतोड कामगारांच्या कोप्या विसरू नका. हंगामाचे पाच-सहा महिने त्यांची मुलं आपल्या शिवारात असतात. आई-बाप पहाटे फडात जातात आणि कोपीवर लहान भावंडं सांभाळणाऱ्या पोरीपाशी करमणुकीला उरतो तो एक मोबाईल. ती मुलं आपल्या मतदारयादीत नाहीत. पण व्हरांड्यातल्या दिव्याखाली त्यांच्यासाठी जागा असली पाहिजे.

आणि ज्या घरात गोष्ट सवयीच्या पलीकडे गेली आहे, कुणी रात्र रात्र जागतं, पैसे घालवतं, कोंडून घेतं, त्यांना ठरावाने बरं वाटणार नाही. त्यांना डॉक्टरांची मदत हवी. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक लिहा. दीड तास बंद ठेवायच्या त्या मोबाईलवरूनच हा फोन लागेल, आणि त्यात काही विसंगत नाही. पाणीही तेच असतं, पिकाला जगवणारं आणि रान मारणारं.

काही जण म्हणतील, गावात रस्ते नाहीत, टेलला पाणी नाही, पोरांची लग्नं जमत नाहीत, आणि ही बाई मोबाईलचं घेऊन बसली. ते प्रश्न खरे आहेत. पण ते सोडवायला माणसं एका जागी बसावी लागतात, एकमेकांचं ऐकून घ्यावं लागतं. आमच्या अंगणात त्या तीन संध्याकाळी चारीच्या दुरुस्तीचा विषय निघाला होता. दोन वर्षं रखडलेला. दोन भाऊबंद अंधारात समोरासमोर बसले आणि बोलले. लाईट आली नसती, तर कदाचित मिटलाही असता.

मी माझ्या परीने तयार आहे. ठराव झाला तर पहिले पंधरा दिवस आमच्या वस्तीवरच्या प्रत्येक दारात मी स्वतः जाईन. कुणी बोललं तर ऐकून घेईन. सुरुवात माझ्या घरापासून असेल. माझा मोबाईल भोंग्याबरोबर कपाटात जाईल, आणि तो गेला की नाही हे तपासायचा हक्क मी माझ्या मुलाला दिला आहे.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. ग्रामसभेची नोटीस निघेल तेव्हा विषयपत्रिकेवर हा विषय असू द्या. त्यावर वाद होऊ द्या, कुणी हसलं तर हसू द्या. तीन महिने करून बघा आणि पुढच्या ग्रामसभेत खरंखुरं सांगा, काय जमलं आणि काय नाही.

मामंजींना आता चौऱ्याहत्तरावं वर्ष आहे. विहिरीची गोष्ट त्यांनी अजून पुरी केलेली नाही. ती ऐकायला आमच्या अंगणात सगळे पुन्हा जमावेत, आणि त्यासाठी डीपी जळायची वाट बघावी लागू नये.

आपली,
नीरा डाव्या कालव्यावरची एक शेतकरी, एक आई